घर आमचे, आराखडाही आमचा हवा

मुंबईच्या गिरणगावातील जुन्या कामगार वसाहती एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. ज्या माणसाच्या तीन पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत गेल्या, त्याला ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र संडास-न्हाणीचे, मालकी हक्काचे घर मिळते आहे. ज्या मायमाउलीने आयुष्यभर सार्वजनिक संडासापुढे रांग लावली, तिला आपल्या घराचे दार आतून लावता येते आहे. याचा आनंद ज्याला होणार नाही त्याला चाळ ठाऊक नाही, असेच आम्ही म्हणू. चाळीतले जुने दिवस कसे गोड होते, असे लिहिणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात. आम्ही या आनंदाच्या आड येणारे नाही.

परंतु आनंदाच्या भरात एक प्रश्न मागे पडू नये. हे घर कसे असावे, वसाहत कशी असावी, मैदान कुठे असावे, विहार कुठे असावा, महिन्याचा खर्च किती असावा, हे ठरवताना तिथे राहणाऱ्याला कोणी विचारले काय? विचारले असेल तर केव्हा विचारले? आराखडा कागदावर येण्याआधी, की तो पक्का झाल्यावर फक्त सहीपुरते? आज ज्यांच्या चाळी उभ्या आहेत, ज्यांच्या वस्त्यांच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्या आपल्या हजारो कुटुंबांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

न विचारता बांधलेल्या चाळी

या शहराने गरिबाला न विचारता त्याचे घर पाडायचे आणि न विचारताच बांधायचे, ही रीत फार जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्त्या साफ करण्यासाठी १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, कोंदट वस्त्या पाडल्या. पण जेवढी माणसे उठवली तेवढ्यांना घरे दिली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तिथे आणखी दाटी झाली. याच ट्रस्टने पुढे ज्या चाळी बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीतील दोन लहान खोल्यांत परमपूज्य बाबासाहेबांचा संसार झाला, अभ्यास झाला आणि महाड-नाशिकच्या लढ्यांची आखणीही झाली. राजगृहात राहायला जाईपर्यंत बाबासाहेब चाळकरीच होते, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

पुढे १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते निघाले. त्या खात्याच्या नावावरून बी.डी.डी. चाळी. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याची योजना होती आणि त्यासाठी कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपासच खोल्या झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधे लांबलचक पॅसेज, त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मजल्याला वीस आणि चाळीला ऐंशी. कोपऱ्यात सामाईक नळ आणि संडास. सगळे काँक्रीटचे, मजबूत आणि रुक्ष.

मजबूत होते, तरी पहिली कित्येक वर्षे यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. कामगाराला भाडे परवडत नव्हते आणि तुरुंगासारख्या दिसणाऱ्या त्या खोल्यांत राहावेसेही वाटत नव्हते. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना कोंडण्यासाठी तात्पुरता तुरुंगच उघडला. कामगारासाठी बांधलेले घर तुरुंग म्हणून सहज वापरता यावे, यातच बांधणाऱ्याच्या मनात कामगाराची किंमत काय होती ते कळते. गिरणीतून सुटलेल्या एखाद्या साचेवाल्याला किंवा त्याच्या बायकोला आधी विचारले असते, तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळाले असते.

त्या काळी असे विचारावे म्हणणारा कोणीच नव्हता, असेही नाही. पॅट्रिक गेडेस हे स्कॉटिश विद्वान १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. नकाशावर रेघा मारण्याआधी गल्लीगल्लीतून पायी हिंडा, लोक कसे राहतात ते पाहा, जे पाडल्याशिवाय चालणार नाही तेवढेच पाडा, असा त्यांचा आग्रह होता. विद्वान मुंबईतच होता, चाळीही मुंबईतच बांधल्या जात होत्या. पण सरकारला घाई होती. शंभर वर्षांनंतरही सरकारची घाई तशीच आहे.

खोल्या सरकारने बांधल्या, वसाहत माणसांनी घडवली

त्या रुक्ष इमारतींना माणसांनी जिवंत केले. कोकणातून, घाटावरून आलेली आपली माणसे एका खोलीत दहा-बारा जण राहिली. पाळीप्रमाणे झोपली, गावाकडे मनिऑर्डरी धाडल्या. पॅसेजच्या दिव्याखाली मुले शिकली. चाळींमधल्या मोकळ्या जागेत भीमजयंतीचे मंडप पडले, शाहिरांचे जलसे झाले. धम्मदीक्षेनंतर घरोघरचे देव्हारे गेले आणि बुद्धवंदना सुरू झाली. समता सैनिक दलाच्या कवायती इथल्याच मैदानांत झाल्या.

याच वसाहतींनी रक्तही दिले आहे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीला दलित पँथरची सभा झाली आणि तिथून दंगल पेटली. चाळ विरुद्ध चाळ असे चित्र उभे राहिले. पाठोपाठ १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. हे आम्ही जुन्या जखमा उकरण्यासाठी सांगत नाही. नकाशावर या जागेला ‘भूखंड’ म्हणतात. आपल्या दृष्टीने तिच्या प्रत्येक कोपऱ्याला इतिहास आहे, एवढेच सांगायचे आहे. तो इतिहास नकाशा काढणाऱ्याला कळायचा तर तिथला माणूसच त्याच्या शेजारी बसला पाहिजे.

पुनर्विकासात काय घडले

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन वसाहतींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ रोजी झाले. काम म्हाडाकडे सोपवण्यात आले. शिवडीच्या चाळींची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची. त्यामुळे तिथले काम या तिघींबरोबर सुरू होऊ शकले नाही. वरळीच्या कामाचा शुभारंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी पुन्हा एकदा करावा लागला. पहिल्या भूमिपूजनापासून पहिल्या चाव्यांपर्यंत आठ वर्षे गेली.

हा उशीर का झाला? रहिवासी आडमुठे आहेत, असे तेव्हा सांगितले गेले. खरी गोष्ट अशी की, चाळी सरकारी मालकीच्या म्हणून या योजनेत रहिवाशांच्या ठरावीक टक्के संमतीची अटच ठेवली नव्हती. मालक सरकार, बांधणार सरकार, मग भाडेकरूला विचारायचे कशाला, असा हा हिशेब. रहिवाशांनी मात्र साधे प्रश्न विचारले. खोली सोडल्यावर परत इथेच येणार याची लेखी हमी काय? नवे घर कितव्या मजल्यावर, कोणत्या क्रमांकाचे? काम रखडले तर आम्ही कुठे जायचे? करारनामा नोंदवल्याशिवाय खोली रिकामी करणार नाही, हा हट्ट त्यांनी धरला. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनी हा हट्ट धरला नसता तरच नवल.

या हट्टाने काय मिळाले ते पाहण्यासारखे आहे. पात्र रहिवाशांशी नोंदणीकृत करार करण्याची पद्धत आली. खोली सोडण्याआधीच सोडतीने नव्या घराचा क्रमांक ठरू लागला. संक्रमण गाळा नको असेल त्याला दरमहा भाडे देण्याचे ठरले. ते आधी २२ हजार होते, पुढे २५ हजार झाले. याच चाळींत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या पोलीस कुटुंबांना २०२२ साली घरासाठी ५० लाख रुपये सांगण्यात आले होते. ओरड झाली तेव्हा २५ लाख झाले आणि त्याच वर्षी शेवटी १५ लाखांवर आले. आकडा दगडावर कोरलेला नव्हता. माणसे बोलली, आकडा हलला.

जिथे माणसांना बोलायला जागाच मिळाली नाही तिथे काय झाले, त्याचेही उदाहरण आहे. मार्च २०२२ मध्ये या वसाहतींची नवी नावे विधानसभेत जाहीर झाली. वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी. ही नावे थोर की नाहीत, हा आमचा मुद्दा नाही. नाव ठेवण्यापूर्वी पाळण्याभोवती घरची माणसे जमतात. या बारशाला घरच्यांना बोलावणेच नव्हते, हा मुद्दा आहे. ज्या नायगावने आंबेडकरी चळवळीला इतके कार्यकर्ते दिले, तिथल्या माणसाला आपल्या वसाहतीचे नाव वर्तमानपत्रातून कळावे काय?

सही म्हणजे सहभाग नव्हे

सभांतून आम्ही पाहतो की ‘लोकसहभाग’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी बसला आहे. रंगीत चित्रांचा फलक लावतात, पडद्यावर इमारत गोल फिरवून दाखवतात, चहा-सामोसे होतात आणि मग कागद पुढे येतो. माणूस सही करतो. याला सहभाग म्हणत नाहीत. आराखडा बदलता येईल अशा वेळी तुमचे म्हणणे ऐकणे आणि त्यातले काय घेतले, काय घेतले नाही, का घेतले नाही, याचे लेखी उत्तर देणे, याला सहभाग म्हणतात.

असा सहभाग असला तर प्रश्नही निराळे निघतात, कारण घर चालवणाराच घराचे प्रश्न ओळखतो. आपल्या भगिनी विचारतात, वाळवण कुठे घालायचे, गोधड्या कुठे वाळवायच्या? चाळीच्या पॅसेजमध्ये शेजारीण तान्हे मूल पाहत होती म्हणून आम्ही घरकामाला, कामावर जाऊ शकलो. चाळीसाव्या मजल्यावर ते मूल कोणाकडे ठेवायचे? म्हातारी माणसे विचारतात, वीज गेली आणि लिफ्ट बंद पडली तर औषध कोण आणणार? आजाऱ्याचे स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवे मावेल काय? आणि शेवटी प्रत्येक घरावर येणारा प्रसंग, मयत खाली कशी न्यायची? असे प्रश्न कोणत्याही कचेरीत बसून सुचत नाहीत. सुचले तर कागदावर असताना ते फुकट सुटतात. इमारत बांधून झाल्यावर लाखो रुपये ओतूनही सुटत नाहीत.

दुसरा प्रश्न देखभालीच्या खर्चाचा. बांधणारा काही वर्षे देखभाल मोफत देतो, म्हणून माणूस गाफील राहतो. पण लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक, जिन्यावरचे दिवे, विमा, मोठी दुरुस्ती हे खर्च उंच इमारतीला कधीच चुकत नाहीत. वाणिज्य शाखेचा साधा हिशेब मांडू. समजा मोफत मुदत संपल्यावर महिन्याला ४ हजार रुपये आले, तर वर्षाचे ४८ हजार झाले. ज्या घरात एकटी विधवा आई आहे, मुलगा कंत्राटी कामावर आहे, तिथे हे पैसे कुठून येणार? मग घर भाड्याने द्यायचे, पुढे विकायचे आणि बदलापूर-विरारला जायचे. कोणी हाकलले नाही, तरी माणूस गेलाच. म्हणून देखभालीसाठी कायम ठेव किती, तिचे व्याज कोणाच्या खात्यात, त्यावर रहिवाशांची देखरेख कशी, हे आराखड्याच्या वेळीच ठरले पाहिजे. फुकट मिळालेले घर टिकवणे फुकट नसते.

तिसरा प्रश्न आपल्या समाजाचा खास प्रश्न आहे. चाळींत आपली माणसे ठरावीक चाळींत, ठरावीक मजल्यांवर एकत्र होती. त्यामागे जातीची भिंतही होती, हे खरे. सोडतीने घरे मिळाली की ही माणसे विखुरतात आणि सर्व जातींची कुटुंबे एका मजल्यावर येतात. आम्ही याचे स्वागत करतो. जात मोडायची तर उंबरे जवळ आलेच पाहिजेत. पण व्यवहारही पाहिला पाहिजे. उद्या सोसायटीत आपण वीसात चार असू. विहारासाठी जागा द्यायची की नाही, जयंतीला पटांगण मिळेल की नाही, हे बहुमताने ठरू लागले तर काय? शेजारी कितीही चांगला असला तरी हक्क त्याच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ साली तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हाच आग्रह धरला होता की, अल्पसंख्याकांची संरक्षणे घटनेत लिहिलेली असली पाहिजेत. सोसायटीची घटना छोटी असली तरी तत्त्व तेच. विहार, वाचनालय, व्यायामशाळा, सभागृह आणि मैदान यांची जागा नकाशावर चौरस फुटांत दाखवलेली असावी आणि ती करारात लिहिलेली असावी. ‘नंतर बघू’ या शब्दाला कोर्टात किंमत नाही.

बोस्टनच्या कृष्णवर्णीयांनी काय केले

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तिथल्या कृष्णवर्णीय बांधवांच्या लढ्याकडे आपण नेहमीच आपुलकीने पाहिले आहे. म्हणून त्यांच्या एका वस्तीची हकीकत इथे देतो.

बोस्टन शहराच्या रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट नावाचा परिसर आहे. गोरे मालक सोडून गेले, घरांना आगी लागल्या, काही लावल्या गेल्या. शेकडो भूखंड ओसाड पडले आणि शहराचा कचरा तिथे बेकायदा ओतला जाऊ लागला. १९८४ च्या सुमारास एक धर्मादाय संस्था आणि काही सामाजिक संस्था यांनी मिळून या वस्तीच्या सुधारणेचा बेत केला. हेतू चांगला होता. १९८५ च्या आरंभी त्यांनी रहिवाशांची सभा बोलावून आपली योजना मांडली. तेव्हा लोक उठले आणि त्यांनी विचारले, व्यासपीठावर बसलेल्या तुमच्यापैकी या वस्तीत राहणारे किती? उत्तर देता येईना.

चांगली गोष्ट अशी की, संस्थांनी राग धरला नाही. कार्यकारिणीची रचना बदलण्यात आली. बहुमत रहिवाशांचे झाले आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्दे बेटांवरून आलेले, लॅटिन अमेरिकेतून आलेले आणि गोरे अशा चारही समूहांना, कोणाची संख्या किती हे न पाहता, सारख्या जागा दिल्या गेल्या. त्यांनी पहिला लढा कचऱ्याविरुद्ध केला, कारण तो प्रश्न सर्वांचा होता आणि लवकर जिंकता येण्याजोगा होता. मग स्वतःचा आराखडा तयार केला आणि शहराकडून तो मान्य करून घेतला. १९८८ साली ओसाड जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शहराने या रहिवासी संघटनेच्या भूमिन्यासाला दिला. अमेरिकेत वस्तीच्या संघटनेला असा अधिकार मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या जमिनीवर दोनशेहून अधिक घरे उभी राहिली. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे आणि विकताना किमतीवर मर्यादा, अशी व्यवस्था असल्याने धनदांडग्यांना ती वस्ती गिळता आली नाही.

आपले कायदे निराळे आहेत. तिथली नक्कल इथे होणार नाही. पण ‘व्यासपीठावर राहणारे किती’ हा प्रश्न मुंबईतही विचारता येतो, आणि त्याला खर्च येत नाही.

सभा कशी भरवावी हे आपल्याला नवे नाही

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, चाळीतल्या माणसाला नकाशा काय कळतो? त्यांना आम्ही २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील बाबासाहेबांचे भाषण वाचायला सांगू. संसदीय पद्धत भारताला नवी नाही, हे सांगताना बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खू संघाचा दाखला दिला. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, यांचे नियम संघात होते. गुप्त मतदानासाठी शलाका वापरल्या जात. तथागतांनी वज्जींच्या उत्कर्षाची जी सात कारणे सांगितली त्यांत पहिलीच ही की, ते वारंवार एकत्र जमतात. आणि दुसरी ही की, एकदिलाने जमतात, एकदिलाने उठतात. ज्याची परंपरा अशी आहे त्याला सभा शिकवावी लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

मात्र ही कसोटी आपल्या पुढाऱ्यांनाही लावली पाहिजे. २५ जून २०१६ रोजी दादरच्या आंबेडकर भवनाच्या आणि बुद्धभूषण प्रेसच्या वास्तू पहाटेच्या अंधारात पाडल्या गेल्या. वास्तू धोकादायक होत्या की नव्हत्या हा वाद बाजूला ठेवला तरी, ज्या समाजाची ती ठेव होती त्याला विश्वासात घेतले नाही, हे दुःख राहिले आणि १९ जुलैला भर पावसाळ्यात हजारोंचा मोर्चा निघाला. सरकारने न विचारणे जितके गैर, तितकेच आपल्या समितीच्या चार पदाधिकाऱ्यांनी बंद खोलीत बसून सर्वांच्या वतीने ‘हो’ म्हणणेही गैर.

आपण काय करावे

ज्यांच्या चाळीची किंवा वस्तीची बोलणी सुरू व्हायची आहेत, त्यांनी आराखड्याची वाट पाहत बसू नये. पहिले काम मजला समितीचे. वीस खोल्यांच्या मजल्यातून एक पुरुष आणि एक स्त्री निवडावी. चार मजल्यांचे आठ प्रतिनिधी होतात. स्त्रिया निम्म्या असल्या की सभेची वेळही आपोआप बदलते, स्वयंपाकाच्या वेळेला सभा लागत नाही. समितीत चाळीतल्या सर्व समाजांची माणसे घ्यावीत. गळका पाइप जात पाहून गळत नाही.

दुसरे काम मोजणीचे. आपल्या वसाहतीची पाहणी आपणच करावी. कुटुंबे किती, अपंग आणि वृद्ध किती, घरातून धंदा करणाऱ्या स्त्रिया किती, विहार-वाचनालय-बालवाडीची जागा किती चौरस फूट, झाडे किती, विक्रेते किती, हे चाळीतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी चार रविवारांत लिहून काढण्यासारखे काम आहे. सरकारचा कागद पुढे येईल तेव्हा आपला कागद टेबलावर असला पाहिजे.

तिसरे काम कागदपत्रांचे. भाडेपावती, रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतील नाव, मृत भाडेकरूच्या वारसाची नोंद, हे आताच नीट करावे. कित्येक घरांत भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर असते आणि वाद पात्रतेच्या दिवशी उफाळतो. नव्या करारात पती-पत्नी दोघांची नावे असावीत, विधवा सुनेचा आणि लेकींचा हक्क डावलू नये. धम्मात समता सांगायची आणि सातबाऱ्यात ती विसरायची, हे आपल्याला शोभत नाही.

चौथे काम माहिती मागण्याचे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांचे शुल्क भरून नकाशा, करार, निविदा, पाहणी अहवाल मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विकास आराखडा किंवा नियमांतील बदल जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातात. तिथे गप्प बसू नये. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा नागरिकांनी गल्लीगल्लीत जाऊन त्यातल्या चुका शोधल्या, हजारो हरकती दिल्या आणि दोन महिन्यांत सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. सुधारलेला आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एकट्याचा अर्ज फायलीत पडतो. हजारांचे अर्ज फाइल परत पाठवतात.

पाचवे काम लिहून घेण्याचे. प्रत्येक सभेचा वृत्तान्त मराठीत लिहावा, वाचून दाखवावा, त्यावर सह्या घ्याव्यात आणि चाळीच्या फळ्यावर लावावा. अधिकाऱ्याने तोंडी दिलेले आश्वासन दुसऱ्या दिवशी पत्राने त्यालाच कळवावे. करारनामा एखाद्या वकिलाकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये, मग पुढारी कोणीही असो.

बंधू-भगिनींनो, आपल्या आजोबांना या शहराने राहायला जागा दिली ती कामासाठी हात हवे होते म्हणून. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनी ते सोसले. बाबासाहेबांनी आपल्याला मत दिले, शिक्षणाची दिशा दिली आणि सभेत उभे राहून विचारण्याची हिंमत दिली. मोठे घर मिळते आहे, ते जरूर घ्यावे, ते आपल्या कष्टांचे आहे. पण ते दान म्हणून मान खाली घालून घेऊ नये. आराखडा टेबलावर पसरला जाईल त्या दिवशी त्या टेबलाभोवती आपल्या चाळीतली एक भगिनी, एक म्हातारा आणि एक शिकलेला तरुण बसलेला असला पाहिजे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर पाच मिनिटे थांबून मजला समितीची नावे काढावीत, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

जयभीम!